उजव्या पायाचा मोजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता सांगते आहे म्हणजे मान खाली घालून बसले आहे, असं मात्र समजू नका. मला माझ्या कामाचा अभिमान आहे. भरपूर आहे.

इस्लामपूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. शुगर जुनी झाली की पायाला काही कळेनासं होतं. खडा रुतला तरी, चटका बसला तरी. अशा पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना पाय सांभाळायला शिकवणं हे माझं काम. रोज तळपाय आरशात बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, अनवाणी फिरू नका — देवळातही मोजे घाला. कुंडलच्या शिबिरात मी म्हाताऱ्या बायकांचे पाय त्यांच्या नवऱ्यांच्या मांडीवर ठेवायला लावले. आधी सगळे लाजले, कुणी उगाच खोकलं, मग खिशातले चष्मे निघाले. आता तिथं कितीतरी घरांत खाटेपाशी आरसा टांगलेला असतो. कुणी कौतुक केलं तर मी 'छे छे' म्हणत नाही.

आणि माझा हुकमी एक्का कोण? मामंजी — माझे सासरे. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, शुगर जुनी, पाय मात्र लहान पोरासारखे. प्रत्येक शिबिरात मी त्यांना खुर्चीवर बसवायची आणि म्हणायची, बघा, सुनेनं लक्ष ठेवलं की असं होतं.

एका चैत्रात गावची यात्रा होती. भर दुपारी, देवळाच्या तापलेल्या फरशीवर मामंजींनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. मोजे माझ्या पिशवीत होते. पण सगळी भावकी बघत होती. सुभेदार देवापुढं मोजे घालून? — मी पिशवी उघडलीच नाही. एवढं कबूल करणं सोपं आहे. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंडलला शिबिर होतं. सकाळी पाय धुताना उजव्या अंगठ्याखाली टपोरा फोड दिसला. त्यांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं ना? फोड दिसला की त्याच दिवशी दवाखाना, हे गावोगाव मीच सांगायची ना? मी पाय पुसला, मोजा चढवला, बूट घातला. मामंजींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाय मागं घेतला नाही. शिबिरात मी फक्त डावा पाय दाखवला. टाळ्या वाजल्या. त्यानंतरही बरेच दिवस मी घरीच मलम लावत राहिले — माझ्याच दवाखान्यात कुठल्या तोंडानं नेणार होते?

अंगठा काढावा लागला. इतके दिवस घरात कुणाला दिसलं कसं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत मामंजी म्हणाले, "मीच दडवलं, साहेब. तिला ठावं न्हवतं."

डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिलं. मी लिहू दिलं.

तेव्हापासून शिबिरात मी त्यांचे दोन्ही पाय दाखवते. सांगते, यांनी घरच्यांपासून फोड दडवला, तुम्ही दडवू नका. ते मान हलवतात — "व्हय, माझीच चूक." लोक हळहळतात आणि घरी जाऊन खरंच पाय तपासतात. या गोष्टीनं कितीजणांचे पाय वाचले असतील, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. परवाच्या शिबिरानंतर त्यांना बूट घालायला मी खाली बसले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आज लय चांगलं बोललीस, पोरी."

त्यांनी काही दडवलं नव्हतं. फोड मी पाहिला होता. मोजा मी चढवला होता.