एकशे तेवीस किलो

होडी विकणाऱ्याने फोनवर विचारलं, "तुमचं वजन किती?" आणि मी सांगितलं, "एकशे तेवीस."

तो फार अदबीने म्हणाला, "मॅडम, मग तुम्हाला मोठंच शीड लागेल. तरी होडी जरा जडच जाईल." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझं वजन सत्तेचाळीस किलो आहे. लहानपणापासून लोकांनी मला "खातेस की नाही?" याखेरीज फारसं काही विचारलेलं नाही. एकशे तेवीस हे आमचं दोघींचं मिळून वजन. शर्यतीचा अर्ज भरताना, नवं शीड मागवताना तीस वर्षं मी हाच आकडा सांगत आले होते. आता मी एकटीपुरती होडी बघत होते, पण जिभेला ते कुणी कळवलं नव्हतं.

दुसरी म्हणजे माझी मैत्रीण. ती मढची, ख्रिस्ती, मासेमारी करणाऱ्या घरातली. मी पार्ल्याची, आणि पोहता येणारी आमच्या घरातली पहिलीच. कॉलेजात नौदल छात्रांच्या तुकडीत आमची गाठ पडली. तिथल्या शिक्षकांनी एक काटकुळी आणि एक दणकट अशा जोड्या लावल्या आणि आम्हाला एका होडीत बसवलं. मैत्री नंतर झाली. आधी नुसती वजनं जुळली होती.

दोघींच्या होडीत कामं वाटलेली असतात. मी मागे, सुकाणूचा दांडा आणि मोठ्या शिडाची दोरी धरून. ती पुढे. वाऱ्याचा झोत आला की होडी एका अंगाला कलते. तेव्हा तिने पायपट्ट्यात पावलं अडकवायची आणि पाठ पाण्यावर टेकेल इतकं स्वतःला बाहेर झोकून द्यायचं. हलकं माणूस अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडतं, म्हणजे होडी सरळ होते, पण वेग मरतो. मला तिने ती सवय लागूच दिली नाही. झोत आला की तिथूनच ओरडायची, "सोडू नको गं, मी आहे." मी सोडत नसे. कपाटात जे चार कप आहेत, ते त्यामुळे आहेत. लोक मला चलाख म्हणायचे आणि मीही ते खरं मानून चालले होते.

गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला, बसायला, स्वयंपाकाला परवानगी दिली. पाठ मागे वाकवायला कायमची बंदी. आमची होडी आम्ही एका तरुण जोडीला देऊन टाकली आणि मी ठरवलं की आपलंही संपलं. मला एकटीला होडी घ्यायला लावली ती तिनेच. इतक्या सहज सांगितलं की मला राग आला. तिला माझ्याइतकं वाईट वाटत नाहीये, असं मला वाटलं.

एकट्याच्या होडीची गोष्ट साधी असते. सांगाडा एकच, त्याला तीन आकारांची शिडं मिळतात. मोठं शीड भरभक्कम पुरुषांचं, मधलं साधारण साठ किलोच्या माणसाचं, आणि लहान हे शाळेतल्या पोरांचं. मार्व्याच्या खाडीकाठी आमचा जो छोटा क्लब आहे, तिथल्या बायका मधलं चालवतात. मीही मधलंच घेणार होते. त्यासाठी दोन महिने केळी आणि डिंकाचे लाडू खाल्ले. दीड किलो वाढलं आणि एका तापात उतरलं.

हे सांगायला मी मढला तिच्या घरी गेले. शेजारचा बंगला मालिकेवाल्यांनी भाड्याने घेतला होता आणि शूटिंग चालू होतं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी दारात येऊन शांत राहायला सांगे. त्यामुळे आमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण आम्ही कुजबुजत केलं.

"लहान घे," ती म्हणाली.

"ते पोरं चालवतात. बावन्न वर्षांची बाई मी, चौदा वर्षांच्या मुलांशी शर्यत लावू?"

"वय काय बघतेस? वजन बघ ना."

"मधलं झेपेल मला."

"नाय झेपणार. इतकी वर्षं तुझं शीड कोण झेपवत होतं?"

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "तू अर्ध्यात सोडून गेलीस आणि वर मलाच अक्कल शिकवतेस."

ती कमरेचा पट्टा सारखा करत बसली होती. हात थांबले. "मी कुठे गेले गं?" ती म्हणाली. "इथेच तर आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माफी काही तोंडातून निघाली नाही.

शेवटी तिने तिच्या बाबांचा नियम काढला. त्यांनी भावंडांपैकी कुणालाही एकट्याला होडी द्यायच्या आधी ती खाडीत पालथी करायला लावली होती. पालथी करायची आणि कुणाची मदत न घेता उभी करायची, तीन वेळा. पहिल्यांदा कुणालाही जमतं, ते म्हणायचे, दमल्यावर जमतं का ते बघायचं. क्लबात एक जुनी होडी होती. तिच्यावर दोन्ही शिडं लावून बघायची आणि जे तिसऱ्यांदा उभं राहील ते घ्यायचं, असं ठरलं. मी हात वर केला तरच ती जवळ येणार होती.

डिसेंबरातला रविवार. दुपारचा खारा वारा चांगला भरला होता. क्लबच्या मोटरबोटीवर तांडेल चाकावर आणि ती बाजूच्या फळीवर, पट्टा बांधून, ताठ बसलेली. मी मधल्या शिडाने निघाले आणि होडी पाडली. होडीच्या पोटातून खाली जाणारी एक फळी असते, होडी आडवी झाली की ती पाण्याबाहेर येते. तिच्यावर उभं राहून, काठ धरून, सगळं वजन मागे टाकायचं. पहिल्यांदा उठली. दुसऱ्यांदा कुरकुरत उठली. तिसऱ्यांदा शीड पाण्याखाली पसरलं आणि त्यावर पाणी बसलं. मी फळीवर लोंबकळत होते, दंड भरून आले होते, आणि होडी एक वीत उचलून परत खाली जात होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तीस हातांवर ती बसली होती. तांडेलाने इंजिन पुढे घेतलं तेव्हा तिने त्याच्या हातावर हात ठेवला, हेही मी पाहिलं. तेव्हा मला तिचा इतका राग आला की मी आणखी दोनदा ओढून बघितलं. मग हात वर केला.

त्यांनी डोलकाठीचं टोक उचलून होडी उभी केली. परतताना मला रडू आलं. तोंडावर खारं पाणी होतंच, त्यामुळे लपवावं लागलं नाही.

पुढच्या रविवारी लहान शीड लावलं. वारा तसाच होता. तीनदा पाडली, तीनदा उठवली. तिसऱ्यांदा आत चढले आणि तिच्याकडे न बघता थेट खाडीपलीकडच्या मनोरीच्या बाजूला निघाले. होडी माझ्या हातात होती, पहिल्यांदाच सगळी माझ्या हातात, आणि ते मला आवडलं. आवडलं म्हणून अपराध्यासारखंही वाटलं.

मग खाडीच्या तोंडाकडून झोत आला. पाणी काळं होत माझ्याकडे येताना दिसलं. मी पायपट्ट्यात पावलं अडकवली, बाहेर झुकले, दोरी घट्ट धरली आणि सवयीने तिला बघायला मान वळवली.

मोटरबोट माझ्या समांतर येत होती. ती काठावर दोन्ही हात रोवून मागे झुकली होती, मी झुकले होते त्याच बाजूला, पाठ पाण्याकडे, हनुवटी वर. पट्टा पोटावर ताणलेला. तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच, माझ्या शिडाच्या टोकावर होते. आपण काय करतोय हे तिला ठाऊक नव्हतं. होडी कलत गेली तशी ती आणखी मागे जात होती.

मला अजून धरता आलं असतं. लहान शीड होतं, झेपलं असतं. मी दोरी सोडली. शीड फडफडलं, होडी सरळ झाली, वेग गेला. तिकडे ती हळूहळू ताठ बसली आणि तिने कमरेवर हात ठेवला.

धक्क्यावर मी तिला सांगितलं की लहानच घेते.

"झोतात सोडलंस," ती म्हणाली. "तू कधी सोडत नव्हतीस."

"वजन कमी पडलं," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शिडाचं दुसरं टोक घडी घालायला हातात घेतलं.