तारेपाशी उभे काकाजी

"बसा हो, चहा कुठं पळून नाई जात," असं मला म्हणत काकाजी स्वतःच उठून परसात पळायचे. मालगाडीचा भोंगा ऐकला की त्यांचं असंच. पुलगावात आमची घरं शेजारी आणि मागच्या काटेरी तारेपलीकडे रेल्वेलाइन. त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव रुळावर.

तुम्ही रुळाकाठी राहिला असाल तर पाहिलं असेल, इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं, म्हणजे त्याच्या मुक्कामाच्या गावाचं, नाव रंगवलेलं असतं. अजनी-भुसावळची इंजिनं रोजची. त्यांच्यासाठी काकाजी मानही वळवत नसत. लांबचं आलं की मात्र तार धरून ओरडायचे, "पाहा, गोमोचं! स्वित्झर्लंडात घडलं, अन् पार बिहारातून आलं बिचारं!"

"मंग पाणी पाजता का त्याले?" काकू आतून विचारायच्या.

त्यांच्या मुलीला पाहायला अमरावतीची मंडळी आली, त्या दिवशी काकूंनी काकाजींना शपथ घातली होती, उठायचं नाही. मीही बैठकीत होतो. पोहे झाले आणि मागे एक गाडी अगदी सावकाश येऊ लागली. कपबशा थरथरत राहिल्या. एवढी हळू, म्हणजे वर काहीतरी अवजड. काकाजी मांडीखाली हात दाबून बसले. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि सरळ खिडकीशी गेली.

"बाबा, ट्रान्सफॉर्मर आहे. घराएवढा!"

"चाकं किती?" त्यांच्या तोंडून निसटलं.

"थांबा, मोजून राह्यली."

मुलाच्या आईनं कपबशी खाली ठेवली. आठवड्यानं मध्यस्थाकडून नकार आला.

काकाजींनी परसातली खुर्ची रुळाकडे पाठ करून ठेवली. भोंगा वाजला तरी पेपरातून डोकं काढत नसत. "माह्या नादापायी पोरीचं नुकसान झालं," एवढंच मला म्हणाले. शेवटी मुलीनंच ती खुर्ची फिरवली. "खिडकीत गेली म्हणून जे नाई म्हणतात, त्याईच्या घरी मले काऊन धाडता, बाबा?"

पुढे तिचं लग्न जळगावला झालं. पहिलं माहेरपण आटोपून ती वर्ध्याहून एक्सप्रेसनं निघाली. ती गाडी पुलगावात थांबत नसे. "मी दारात उभी राहीन, तुम्ही तारेपाशी या," असं सांगून गेली होती. दुरून दिसावा म्हणून काकाजी पांढरा टॉवेल घेऊन उभे राहिले. मी सोबत होतो.

तेवढ्यात अलीकडच्या रुळावर समोरून मालगाडी आली. इंजिन पार दक्षिणेतल्या अरक्कोणमचं होतं. मी मोठ्यानं वाचलं. काकाजींनी तिकडे पाहिलंच नाही. मागे ताडपत्रीत गुंडाळलेले रणगाडे होते, मग बंद डबे, डब्यांमागून डबे. पलीकडून एक्सप्रेसची धडधड सुरू झाली. काकाजी टाचा उंचावून, मान तिरपी करून, दोन डब्यांमधल्या फटीतून पाहू लागले.

"कव्हा सरते हे गाडी, बाप्पा!"

शेवटचा डबा गेला तेव्हा पलीकडचा रूळ मोकळा होता. तरी ते जळगावच्या दिशेनं टॉवेल हलवत राहिले.