तीन आवाजांचा एक सूर

धंतोलीत छातीच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. क्लास म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि खिडकीत बसवलेला भला मोठा कूलर. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, बँकेच्या परीक्षा देत होते आणि मधल्या काळात इथं शिकवत होते. एप्रिलात दुपारी एक ते चार कुणी फिरकायचं नाही. मी महाल भागातल्या घरून सायकलनं, डोक्यातोंडावर ओढणी गुंडाळून यायची, कूलर लावायची, हिरवे पडदे ओढून घ्यायची. वाळ्याच्या ओल्या वासानं आणि कूलरच्या घुमण्यानं ती खोली हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. त्या तासांमध्ये मी पूर्ण जागी होते असं आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण काम झालं ते त्याच तासांत.

काम सरांनी दिलं होतं. सर म्हणजे क्लासचे मालक, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांच्या भाच्यानं परदेशातून एक यंत्र आणलं होतं. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून त्यात प्रोग्राम भरायचा. संध्याकाळची मुलं त्यावर गेम खेळत. गेममधली बंदूक, उडी, नाणं गिळल्याचा टिंग असा आवाज, हे सगळं काढणारी एक वेगळी चिप त्यात होती. आता शेजारची खोली घेऊन क्लास वाढणार होता, अक्षय तृतीयेला उद्घाटन होतं, आणि सरांना वाटलं, त्या दिवशी सनई वाजली पाहिजे.

"कॅसेट तर कोणीही लावते," ते म्हणाले. "आपल्या मशीनमधून सनई निघाली पाहिजे. तुम्ही फिजिक्सवाल्या. करा काहीतरी."

ती चिप एका वेळी तीनच आवाज काढू शकायची. प्रत्येक आवाजाला आकार द्यायचा तो आकड्यांनी. किती पटकन वर चढायचं, किती खाली यायचं, कुठं टिकायचं, सोडल्यावर किती वेळानं विरायचं. शिवाय आवाजाची जात ठरवायची: एक चौकोनी, पोकळ, एक करवतीसारखा दातेरी, आणि एक नुसती खरखर, रेडिओवरचं स्टेशन हललं की येते तशी. मी आकडे लिहायची, बटण दाबायची, ऐकायची, खोडायची. पहिल्या आठवड्यात माझी सनई डास गुणगुणल्यासारखी वाजे. दुसऱ्या आठवड्यात जत्रेतल्या पिपाणीसारखी. कधी कधी एखादा आकडा चुकून पडे आणि कुठल्या तरी लांबच्या गावातून यावा तसा मऊ सूर टीव्हीतून निघे. मी दचकून वहीकडे पाही, तर आकडा लिहायचाच राहिलेला असे.

एका मंगळवारी दार लोटून एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. दाराला धरून ते आधी नुसते श्वास घेत उभे राहिले. खाली दवाखान्यात जागा नसली की पेशंट आमच्या जिन्यात बसत. हे त्यांच्यातलेच होते.

"बाई," दम लागल्यानं ते थांबत थांबत म्हणाले, "इथं कोन सनई बिघडवून राहिलं?"

मी म्हटलं, "मी."

ते हसले. मी खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. ते मौद्याजवळच्या एका खेड्यातून एस.टी.नं दर मंगळवारी दवाखान्यात येत. मी विचारलं, "बाबाजी, तुम्ही सनई वाजवता?"

"नाही. सनई माहा मोठा भाऊ वाजवते. मी सूर धरतो." मग थोडं थांबून म्हणाले, "धरत होतो."

लग्नात सनई ऐकताना तिच्या शेजारी बसून एकच स्वर धरून ठेवणाऱ्या माणसाकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. भावाची सनई उठते, फिरते, सगळ्या आळ्या हिंडून येते. हा आपला घर उघडं ठेवून बसलेला. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर मध्ये तुटू द्यायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. आता छाती भरून येत नव्हती, आणि डॉक्टरांनी फुंकायचं नाही म्हणून बजावलं होतं.

मी त्यांना यंत्राचा एक लांब सूर ऐकवला. बटण दाबून धरलं की तो कितीही वेळ चालत राही. त्यांनी डोळे मिटले.

"हा श्वास घेत नाही?"

"नाही."

"अरे बाप्पा." बराच वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "पन हा गडी थिजून राहिला. कन्हानच्या पान्यावर डोंगा बांधून ठेवला तरी हालते न जराकसा? तसा पाहिजे."

ते गेले, आणि त्यांचा डोंगा, नदीत बांधलेली ती होडी, माझ्या डोक्यात राहिला. मी दुसरा आवाज घेतला, त्यालाही तोच सूर दिला, फक्त आकड्यात किंचित फरक ठेवला. दोन सूर एकमेकांवर घासले आणि त्यांच्यामधून एक संथ लाट उठली. फुगायची, ओसरायची. खुर्चीवर बसल्या बसल्या मला आपण हलतोय असं वाटलं. महालातल्या घरी जाताना सायकलही त्याच तालात चालली असावी, कारण वाटेत काय काय लागलं ते मला आठवेना.

पुढच्या मंगळवारी ते दवाखान्याआधी वर आले. लाट ऐकून खूश झाले, मग म्हणाले, "आता हवा कुठं हाये? आधी हवा येते, बाई. मंग सूर येते. लोकायले ऐकू नाही येत, पन नसली तं कळते."

म्हणून तिसरा आवाज मी खरखरीला दिला. अगदी बारीक, आणि सुराच्या पापणीभर आधी सुरू होणारी. ती ऐकू यावी म्हणून कूलर बंद करावा लागला. पाच मिनिटांत आम्ही दोघं घामानं निथळलो. मी आकडा कमी करायची, ते बोटानं "अजून" म्हणायचे. अजून. अजून. शेवटी ती खरखर जवळजवळ नाहीशी झाली, आणि मी बटण दाबलं तेव्हा टीव्हीमागं कुणीतरी ओठ उघडून श्वास सोडला. मी खरंच मागं वाकून पाहिलं.

"लागला," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "बाबाजी, तीनही आवाज सुरातच संपले. आता सनई कशानं वाजवायची?"

ते एवढे हसले की खोकला आला, आणि मला त्यांची पाठ चोळावी लागली. "सनई वाजवायले माहा भाऊ हाये की. बरस झालं त्यानं हात नाही लावला. फडक्यात बांधून ठेवली."

"का?"

"दुसऱ्यानं सूर धरला तं त्याले करमत नाही."

सरांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. ते म्हणाले, "म्हणजे एवढ्या दिवसांत एकच स्वर केला तुम्ही?" मी हो म्हटलं. त्यांनी तो ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. आणा त्यांना."

मोठा भाऊ पुढच्या मंगळवारी आला. उंच, तुटक बोलणारा माणूस. त्यानं यंत्राकडे पाहिलंच नाही. फडकं सोडलं, सनईच्या तोंडाची पत्ती ओठात भिजवली आणि धाकट्याला म्हणाला, "लाव गा तुहं ते."

मी बटण दाबलं. सूर त्याच्या सनईला थोडा कमी पडत होता. मी आकडा वाढवत नेला, आणि दोन्ही जुळले तसा तो वाजवू लागला. त्या बंद पडद्यांच्या खोलीत भर दुपारी पहाट झाल्यासारखं वाटलं. जिन्यातले पेशंट दारात येऊन उभे राहिले. आणि मध्येच त्यानं सनई खाली ठेवली.

"नाही जमत."

"काहून?" धाकट्यानं विचारलं. "सूर तं बरोबर हाये."

"सूर बरोबर हाये. पन तो माह्याकडे पाहून नाही राहिला. मी थकलो तरी तसाच, मी वर गेलो तरी तसाच. तू पाहत होता."

मोठा भाऊ पत्ती पुसू लागला. मला वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं समजलंही. मी म्हटलं, "बाबाजी, तुम्ही काय करत होता तेव्हा? तो थकला की?"

त्यांनी विचार केला. "जराकसा भरून देत होतो. तो वर गेला की हलका होत होतो. पत्ती गरम झाली की चढते, तं मीही केसभर चढत होतो. गार झाली की उतरत होतो."

म्हणजे चारच गोष्टी: भरणं, हलकं होणं, चढणं, उतरणं. त्या दुपारी मी कीबोर्डच्या चार बटणांना ती चार कामं वाटून दिली आणि मधलं लांब बटण सुराला. त्या बटणांवर कुंकवाचे ठिपके लावले, कारण बाबाजींना अक्षरं जवळून दिसत नसत. अक्षय तृतीयेपर्यंत ते एक दिवसाआड एस.टी.नं येऊ लागले. दोन बोटांनी ते बटणं दाबत, डोळे भावाच्या गळ्याकडे लावून. आणि सूर धरला की त्यांचे गाल फुगत. मी एकदा सांगितलं, "बाबाजी, गाल फुगवायची गरज नाही." ते म्हणाले, "माहीत हाये मले." आणि पुन्हा फुगवले.

उद्घाटनाला तीस-चाळीस माणसं आली. मोठा भाऊ सतरंजीवर बसला, त्याच्या शेजारी पाटावर कीबोर्ड घेऊन धाकटा. टीव्हीचा आवाज पुरणार नाही म्हणून सरांनी भजनी मंडळाचा स्पीकर आणला होता. आधी हवा आली. मग सूर आला. मग सनई. लोक चपला काढता काढता थांबले. मला तेव्हाची माणसं तरंगत आत येताना दिसतात. कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त ती लाट.

खालचे डॉक्टर जरा उशिरा आले. त्यांनी गर्दीतून आपला पेशंट पाहिला, गाल फुगवलेला, चेहरा लाल झालेला, आणि ते लोकांना बाजूला सारत पुढं धावले.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं? फुंकायचं नाही म्हणून!"

बाबाजींनी डोळे भावावरून हलवले नाहीत. फक्त डाव्या हातानं आपलं तोंड दाखवलं. तोंडात काही नव्हतं. मग कुंकवाच्या ठिपक्यावरचं बोट दाखवलं. डॉक्टर वाकून पाहत राहिले, कीबोर्ड, बोट, गाल. मग तिथंच, सतरंजीच्या कडेला, पॅंटच्या घडीचा विचार न करता मांडी घालून बसले, ते शेवटपर्यंत. मोठा भाऊ त्या दिवशी तासभर वाजवत होता. एकदा तो थकला, ते मला सनईतून कळलं नाही. सूर भरून आला तेव्हा कळलं.

पावसाळ्यात मला बँकेचा कॉल आला आणि चंद्रपूरला जावं लागलं. निघायच्या आठवड्यात बाबाजी भेटायला आले. यंत्र गावी न्यायचं का, असं मी सरांच्या वतीनं विचारलं. त्यांनी नको म्हटलं; गावात लाइटचा भरवसा नव्हता.

"मंग सूर कोण धरेल?" मी नकळत त्यांच्यासारखं बोलून गेले.

"पोरगी धरून राहिली," ते म्हणाले. त्यांची मुलगी नवऱ्याघरून परत आली होती, कायमची. दोन वर्षं घरात बसून होती. "तिले म्हटलं, एक बाई मशीनले शिकवते, तं मी तुले नाही शिकवू शकत काय? भाऊ आधी नाही म्हणे. आता तिच्याकडेच पाहून वाजवते."

"जमतंय तिला?"

"गाल दुखते म्हणते." त्यांनी टोपी सारखी केली आणि जिन्याचा कठडा धरला. "पन आता रोज सकाळी स्वतःच उठून बसते."