आईचं पोहायला शिकणं

आईचे गुडघे दुखायला लागून बरेच दिवस झाले होते. शेवटी मी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी तेव्हा सेलूच्या एका शाळेत शिकवत होते. लग्न व्हायचं होतं आणि हिंगणीजवळच्या आमच्या गावाहूनच माझं जाणंयेणं चालायचं. शाळा सकाळची असल्यामुळे दुपार मोकळी मिळायची.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गुडघ्यांचा फोटो उजेडात धरून पाहिला. वजन कमी करा, रोज व्यायाम करा, पण गुडघ्यांवर भार येऊ देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मग गोळ्या लिहिता लिहिता सहज विचारलं, "पोहता येतं का तुम्हाला?"

आई एवढ्या मोठ्यानं हसली की दाराबाहेरचे पेशंट आत डोकावले.

परतताना मात्र ती बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली होती. सेलू मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "काऊन व, म्हैस एवढी जड, तं ते पान्यात बुडत काऊन नाई?"

मला जमलं तसं मी समजावलं. पाणी खालून वर ढकलतं वगैरे. तिचं समाधान झालं नाही. तिची शाळा चौथीत सुटली, पण तिचं 'काऊन' कधी सुटलं नाही. कोंबडी पाणी पिताना मान वर काऊन करते, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल दुसऱ्या दिवशी लाल काऊन होते, असं काहीबाही ती विचारायची. उत्तर मिळालं नाही तर कामं करता करता त्याच गोष्टीकडे पाहत राहायची.

पुढचे काही दिवस ती कालव्यावर धुणं घेऊन जायची आणि उशिरा यायची. तिथे म्हशी डुंबत, त्या पाहत बसायची. एका रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "म्हैस पान्यात आंग ढिलं सोडते. मले पोहाले शिकाचं आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "या वयात? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं माहे गुडघे दुखून घेतीन का?"

बाबा जेवण उरकून उठले. मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर घराला कुलूप. शेतात गेले, तर बाबा विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ विळ्यानं खरवडत होते आणि आई वर उभी राहून ते कसं करायचं हे सांगत होती.

आमच्या विहिरीला आतून पायऱ्या होत्या. कालवा जवळ असल्यामुळे होळीपर्यंत पाणी बऱ्यापैकी वर असायचं. बाबा लहानपणापासून त्याच विहिरीत पोहत आलेले. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच विहिरीवर भाकरी घेऊन येत होती. पण बायांनी पाण्यात उतरायचं नसतं, पुरुष पोहत असताना काठावर थांबायचंही नसतं, म्हणून नवऱ्याला पोहताना तिनं कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

पहिला प्रश्न कपड्यांचा आला. लुगडं पाण्यात पायांत गुंतणार. मी माझा जुना सलवार-कुडता दिला. आयुष्यात पहिल्यांदा तो घालून आई झाडामागून बाहेर आली, तेव्हा बाबांनी मान वळवून दुसरीकडे पाहिलं. आईही लाजली. मी हसू दाबून रिकाम्या पिप्याला दोर बांधत बसले. बाबांनी तो तेलाचा पिपा तिच्या पाठीवर पक्का आवळला.

सुरुवातीचे कितीतरी दिवस ती पायरीच सोडेना. गळ्यापर्यंत पाण्यात जायची, एका हातानं दगड धरून ठेवायची आणि बाबा पाण्यातून म्हणायचे, "सोड आता. मी आहो न."

"तुमी आहा, पन माहा हात आयकून नाई राह्यला."

वर आल्यावर ती विहिरीच्या काठावर केस सुकवत बसायची. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "थांब, मले पाहू दे आज काय झालं थे." म्हणजे ती मनातल्या मनात पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहायची आणि आपण नेमक्या कशाला भ्यालो ते शोधायची. मला तोवर वाटायचं, भीती म्हणजे भीती. तिच्यात शोधायचं काय?

एका दुपारी तिला सापडलं. "मले बुडाचं भेव नाई वाटत. कान पान्यात गेले का सारं आवाजच बंद होते, थ्याचं भेव वाटते."

त्या संध्याकाळी तिनं अंगणात मोठं गंगाळ भरलं, खाली चटई टाकली आणि मागे रेलून डोकं पाण्यात टेकवलं. कान बुडाले. डोळे मिटून ती बराच वेळ तशीच पडून राहिली. बाबा गोठ्यातून आले, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेले. आई उठली तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा उजळला होता.

"आवाज बंद नाई होत व," ती म्हणाली. "आपलाच आयकू येते. धकधक, धकधक."

दुसऱ्या दिवशी तिनं पायरी सोडली. हातपाय मारण्याऐवजी ती पाठीवरच्या पिप्यावर सरळ उताणी झाली आणि पाण्यावर पडून राहिली. बाबा घाबरले.

"अवं, हात हालव! पाय हालव!"

"थांबा जरा," आई वर पाहत म्हणाली. "मी आभाय पाहून राह्यली."

मी काठावरून खाली पाहत होते. विहिरीच्या काळ्या गोल पाण्यात माझी आई हात पसरून पडली होती. गुडघे, दुखणं, घर, सारं कुठेतरी ठेवून आल्यासारखी. तिला इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे पिपा गेला. हात मारता येऊ लागले. गावाला मात्र याचा पत्ता नव्हता. तो लागला तो एका गोंधळामुळे. शेजारच्या शेतातला एक माणूस आमच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालला होता. त्याला विहिरीच्या काठावर आईचं लुगडं आणि चपला दिसल्या. बाईमाणसाच्या चपला विहिरीवर दिसल्या की गावात काळजात धस्स होतं. त्यानं आत डोकावूनही पाहिलं नाही. "धावा रे धावा" करत तो रस्त्याकडे पळाला. निंदणाऱ्या बाया आल्या, ट्रॅक्टरवाला आला, कोणीतरी दोर आणला. सगळे धापा टाकत काठावर वाकले, तर खाली आई आणि बाबा शेजारी शेजारी पोहत होते.

मग आईच खालून ओरडली, "काय झालं जी? कोन पडलं?"

बाया हसायला लागल्या त्या थांबेचनात. दोर आणणारा माणूस चिडला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. काही जणी आमच्या घरावरून जाताना तोंडाला पदर लावत. एका म्हातारीनं आईला तोंडावर विचारलं, "हे काय थेर मांडले व या वयात?" आईनं तिला तिच्याच कंबरेचं दुखणं विचारलं आणि चहा पाजून पाठवलं. पुढच्या आठवड्यात माझी काकू भीत भीत विहिरीवर आली. नंतर आणखी दोघी आल्या. बाबांनी मग दुपारी पाण्यात उतरणं सोडलं. ते लांब आंब्याखाली पाठ करून बसत आणि मधूनमधून ओरडत, "साऱ्या वर आहेत न?"

पावसाळ्यात पाणी गढूळ होऊन चढायचं, तेव्हा पोहणं बंद असे. तरी आई त्या वेळेला शेतात जाऊन थोडा वेळ बसायची. परत आली की दिवसभरात पाहिलेलं काहीतरी सांगायची. दिवाळीनंतर पुन्हा पोहणं सुरू. गुडघे पूर्ण बरे झाले असं नाही. पण ती जिने चढू लागली, गोळ्या कमी झाल्या, तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई तिला बसवून घेत आणि विहिरीच्या गोष्टी ऐकत.

मग माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याला आले. काही वर्षांनी बाबा गेले. शेतातून आले, छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. त्यानंतर आई विहिरीकडे गेलीच नाही. आम्हीही तिला चल म्हटलं नाही. पुढे शेत पिकाच्या वाट्यावर बटईनं दिलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि आई माझ्याकडे राहायला आली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर उन्हात तूर पाखडत होतो. मी तिला विचारलं, "पोहण्यानं खरंच तुझे गुडघे बरे झाले होते का गं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "गुडघ्याचं काय मालूम," ती म्हणाली. "पन तुह्या बाबाची अन् माही वळख झाली थ्या विहिरीत."

मग तिनं सांगितलं. इतकी वर्षं दोघं बोलत आले ते पेरणीचं, पोरांच्या फीचं, कोणाच्या लग्नात काय द्यायचं याचं. मी सोबत नसले की विहिरीवर केस सुकवताना दोघांनाही दुसरं काही काम नसायचं. तिथे बाबा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. लहानपणी त्यांचा भाऊ तापानं गेला, तेव्हा घरात रडायची सोय नव्हती म्हणून ते विहिरीत उतरून पाण्याखाली रडायचे. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

"मी नुसतं आयकत बसो," आई म्हणाली. "मधात काही बोलो नाई."

खालून शेजारणीनं हाक मारली. रोज संध्याकाळी त्या दोघी मैदानाला फेऱ्या मारायला जातात. आईनं पदर झटकला, कठड्याला धरून उठली आणि चपला शोधू लागली. मी उरलेली तूर पाखडायला घेतली.