कोयनेल, तांब्याची कळशी आणि माझा निष्कर्ष

आता कुठून सुरुवात करू? आधी चहा घ्या. माझी फजिती गरम चहाबरोबरच बरी लागते. गार झाली की मलाच रडू येतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी परळच्या एका कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. गिरगावातल्या चाळीत आई आणि मी. आमचे देसाई सर म्हणाले होते, "एक धड शोधनिबंध वाचून दाखवा, नोकरी कायम करून घेतो." कायम! त्या एका शब्दासाठी आईने माझं लग्न लांबवलं होतं.

माझ्या प्रयोगातला पॅरामेशियम हा डबक्यातला जीव. अख्खा देह म्हणजे एकच पेशी. त्याला थोडं कोयनेल पाजायचं, हो, तेच हिवतापाचं कडू औषध. मग धुऊन स्वच्छ पाण्यात सोडायचं आणि बघायचं: औषध गेल्यावरही तो सुस्त राहतो का? त्याची पिलावळही?

तेवढ्यात हरताळ पडला, कॉलेज बंद. रस्त्यावर अश्रुधूर, गोळ्या. सरांना विचारून मी दोन बरण्या आणि एक जुना सूक्ष्मदर्शक घरी आणला. शेजारचा बबन दारात उभा राहिला. सगळ्या मोर्च्यांत पुढे असायचा तो.

"बाहेर माणसं मरतायत, आणि तू किडे पोसतोस?"

"किडे नाहीत रे, जीव आहेत."

"मग आम्ही कोण?"

मी बरण्या दारापासून आत सरकवल्या.

माझा स्वभाव संशयी. नळाच्या पाण्यात क्लोरीन! म्हणून औषध पाजलेल्यांना आणि त्यांच्या पिलावळीला मी रोज देवघराजवळच्या तांब्याच्या कळशीतलं, रात्रभर राहिलेलं पाणी वापरून धुवायचो. आई सोवळ्याने भरायची ते. त्याहून शुद्ध काय असणार, सांगा! दुसऱ्या बरणीतल्यांना औषध दिलंच नव्हतं. त्यांना हात लावला नाही. जे विटाळलेच नाहीत, त्यांना धुवायचं कशाला?

आणि काय आश्चर्य! औषधवाले सुस्त, त्यांची पिल्लं सुस्त, पिल्लांची पिल्लंही सुस्त! मी गॅलरीत जाऊन ओरडलोच.

बबन गंभीर झाला. "म्हणजे एकदा अंगात गेलं की पोराबाळांपर्यंत जातं?"

"तसं दिसतंय खरं."

"आणि अश्रुधूर?"

नाही म्हणायला काय झालं होतं? पण मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही." शिकलेल्या भित्र्याचं वाक्य!

संध्याकाळी चाळीच्या चौकात बबन टेबलावर चढला. "आपल्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय! हा धूर तुमच्या नातवंडांना खोकवणार!" टाळ्या. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. आणि मी? मी हात जोडून उभा.

कॉलेज उघडलं. मी निबंध वाचला. सरांनी चष्मा काढला.

"औषध न दिलेले जीवही तुम्ही असेच धुतलेत ना?"

"नाही सर. ते स्वच्छच होते."

"हं. धुवायचं पाणी कुठलं?"

"घरचं, सर. तांब्याच्या कळशीतलं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. सर मात्र हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "अहो, तांबं उतरलेलं पाणी असल्या जिवांना विष. कोयनेल कधीच निघून गेलं असेल. पिढ्यान्पिढ्या विष तुम्ही पाजलंत."

'कायम' तिथेच संपलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "मी पाणी दिलं ते चुकलं का रे?" मी नाही म्हणालो. निदान ते तरी मला म्हणता आलं.

मग बबनकडे गेलो. "चुकलो रे. धुराचं काहीही सिद्ध झालेलं नाही."

"कळलं. वरून दम आला ना?"

"अरे नाही, तांब्यामुळे—"

"नोकरीही घालवली तुझी! गप्प बस, आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी चाळीने मला हार घातला. जुलमाचा बळी म्हणून!

परवा शिवाजी पार्कात एक तरुण पाया पडला. बबनचा नातू. बबन केव्हाच गेला. त्या तरुणाच्या कडेवरचं पोर खोकत होतं.

"आजोबा, हा खोकला आमच्या घराण्यातच आहे. अश्रुधुराचा. तुम्हीच शोधून काढलात ना?"

एवढ्या वर्षांनी पुन्हा संधी आली होती. मी घसा खाकरला, पोराकडे पाहिलं आणि म्हणालो,

"शक्यता नाकारता येत नाही."