बुटांची तोंडं

थोरलीला आता कंटाळ्याचाही कंटाळा आला होता. दोन वर्षं दर शनिवारी शहरातून बस धरून यायचं, बाबांचं अंथरूण बदलायचं, आईला दोन घास खायला लावायचे, रविवारी परत फिरायचं आणि सोमवारी कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं. बाबा गेले त्याला महिना झाला. आता उरली आई. आणि ती ऐकेल तर शपथ!

"मी नाही यायची तुझ्या त्या खुराड्यात," आई म्हणाली.

"मग इथे एकटी काय करणार? पडलीबिडलीस तर?"

"पडले तर उठेन."

"आणि नाही उठलीस तर?"

"मग काय, संपलंच की. तुझ्या खेपा वाचतील."

थोरलीने कपाळाला हात लावला आणि पुन्हा कपाटात डोकं घातलं. उद्या सकाळी टेम्पोवाला येणार होता. दोन ट्रंका, एक गादी आणि आई, एवढं घेऊन निघायचं होतं.

कपाट बाबांचं. गळ, दोरीची वेटोळी, फाटका रेनकोट, चहाच्या डब्यात जपून ठेवलेली पिसं. पिशव्या भरता भरता तिच्या हाताला रग लागली, तरी खालचा कप्पा बाकीच. बाबा जंगलखात्यात पहारेकरी होते. नोकरी जेवढ्या तासांची, त्याच्या दुप्पट ते रानात असायचे. सुट्टीच्या दिवशी नदीवर. गावात त्यांना भिंगरी म्हणायचे, आणि हाक मारली की बाबाही खुशाल ओ द्यायचे. साहेबांनी एकदा कचेरीतली खुर्ची देऊ केली, तर म्हणाले, "नको साहेब. पंख्याखाली मला झोप लागते, आणि मी फार घोरतो."

पण दिवेलागणीला माणूस घरात म्हणजे घरात. मासे आणले की पोरांच्या ताटातले काटे स्वतः काढून द्यायचे. थोरली नोकरीला लागली तरी तिचं ताट पुढे ओढायचे.

"बाबा, मी मोठी झाले आता."

"तू झालीस गं. काटे तेवढेच आहेत."

गोड बोलणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. 'उद्या मी घरी आहे' एवढं साधं वाक्य, तेही तोंडातून फुटायचं नाही. ते काम बुटांचं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते बुटांना तेल चोळायचे आणि उंबऱ्याशी ठेवायचे. बुटांची तोंडं बाहेर, म्हणजे उद्या पहाटेच निघणार, वाट पाहू नका. तोंडं आत, म्हणजे उद्याचा दिवस तुमचा. मग काय, पोरं जेवायच्या आधी दाराशी पळायची. आत वळलेले दिसले की घरात नुसता दंगा. बाहेर वळलेले असले की आई म्हणायची, "चला, गेली भिंगरी," आणि ताटं मांडायची.

थोरली सात वर्षांची असताना तिने काय केलं, तर सगळे झोपल्यावर उठून बूट गुपचूप आत वळवून ठेवले. पहाटे बाबा डबा घेऊन दाराशी आले आणि थांबले. बुटांकडे पाहिलं, दाराआडून डोकावणाऱ्या लेकीकडे पाहिलं, आणि डबा आईच्या हातात परत दिला.

"अहो, जायचं नाही?" आईने विचारलं.

"बुटांनी सांगितलं, मग काय करणार!"

त्या दिवशी ते दोघं नदीवर गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना चांगलंच झापलं. घरी येऊन बाबा नेहमीसारखे तेल चोळत बसले.

शेवटची दोन वर्षं बूट आतच वळलेले राहिले. पाय गेले होते. खाटेवरून दार दिसायचं, आणि बाबा तासन्‌तास तिकडे बघत पडायचे. एकदा थोरलीने विचारलं, "बाहेर वळवून ठेवू का? तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

"नको," बाबा म्हणाले. "त्यांना कशाला खोटं बोलायला लावतेस?"

संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं. बूट तिने देऊन टाकायच्या पिशवीत घातले. आईने ते बाहेर काढले, पदराने पुसले आणि उंबऱ्याशी होते तसे ठेवले, तोंडं आत. थोरलीच्या अंगात वाद घालायचं त्राणच नव्हतं. हातपाय धुतले आणि झोपली.

सकाळी बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. खांद्याला पिशवी अडकवून ती दाराशी आली, तर बुटांच्या शेजारी आईच्या चपला. तोंडं आत. आणि त्यांच्या शेजारी तिच्या स्वतःच्या सँडल. त्या ती रात्री कशाही भिरकावून आली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आता त्या शहाण्यासारख्या जोडीने उभ्या होत्या. तोंडं आत.

आधी तिला संतापच आला. या वयात ही थेरं! टेम्पोचं ठरवून झालंय, उद्या दुकान आहे, आणि ही बाई...

"आई, हे तू केलंस?"

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मी कशाला करू? मला वेळ आहे का?"

सत्तरीची बाई चोरी पकडलेल्या पोरीसारखी भिंतीआड उभी होती, आणि पदराचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं. थोरलीला रडू फुटलं. पिशवी कधी खाली ठेवली, ते तिलाही कळलं नाही.

टेम्पोवाला फाटकापर्यंत आला. "ताई, सामान कुठाय?"

"आज नाही जमायचं, दादा."

"अहो, असं कसं? मग उद्या येऊ का?"

"ते आता संध्याकाळीच कळेल."

"कोण सांगणार?"

थोरलीने डोळे पुसले. "आहेत आमच्याकडे सांगणारे."

तो पुटपुटत निघून गेला. दुकानात फोन करायला हवा होता. आईचं काय करायचं, तेही ठरवायला हवं होतं. पण ती आत आली, बाबांच्या खाटेवर बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भर दिवसा आडवी झाली.