आठव्या चित्राची रिकामी जागा

पुस्तकं जमवायचा नाद कुठेही लागला तरी वाईटच. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राहून जुन्या चित्रकारांवरच्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या म्हणजे आपणहून भिंतीवर डोकं आपटून घेणं आहे. इथे दुकानात मराठी पुस्तक मागितलं की दुकानदार आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो, मग आतल्या माणसाला ओरडून विचारतो, "मराठी में कुछ है क्या?" आतून पंचांग येतं. तेही बहुतेक वेळा गेल्या वर्षीचं.

पुण्याच्या विक्रेत्यांना फोन करावा तर त्यांची वेगळीच तऱ्हा. एकानं छातीठोकपणे सांगितलं, "काका, पहिली आवृत्तीच आहे, आत तसं छापलंय." बारा दिवसांनी पार्सल आलं. उघडलं तर तिसरी आवृत्ती. आत 'पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना' छापलेली होती, तेवढे शब्द वाचून त्या गृहस्थानं पुस्तक माझ्या गळ्यात मारलं होतं. मी चिडून फोन केला तर म्हणाला, "मजकूर तोच आहे ना?"

हे 'तोच आहे ना' माझ्या डोक्यात जातं. घरी येणारे पाहुणेही हेच विचारतात. नवीन आवृत्तीत तीच चित्रं असतात, तेच लिहिलेलं असतं, मग या पिवळ्या पडलेल्या पुस्तकात आहे काय एवढं? मग मी त्यांना बसवून समजावतो. तेव्हाचा कागद वेगळा, शाई वेगळी. रंगीत चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवायचे, फक्त वरच्या कडेला डिंक लावून, आणि वर पातळ झिरझिरीत कागद सोडायचे. कुणाच्या तरी बोटांनी ते चित्र तिथे बसवलेलं असतं. नक्कल ती नक्कलच. हे सगळं ऐकून घेताना पाहुण्यांचा चहा थंड होतो आणि माझी बायको स्वयंपाकघरातून मान काढून म्हणते, "झालं काय तुमचं शिकवणं? पोहे देऊन राह्यली मी."

माझी सगळी नोकरी सिंचाई खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. कालवे, पाटचाऱ्या, बंधारे यांचे नकाशे काढायचे. आयुष्यभर रेघा ओढल्या म्हणूनच बहुधा दुसऱ्याच्या रेघांचं वेड लागलं. आता निवृत्त आहे आणि कपाटात साठेक पुस्तकं आहेत. इथल्या पावसाळ्यात त्यांना कसर लागते, पानं फुगतात, एका वर्षी तर खालच्या कप्प्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली. मी दर आठवड्याला एकेक पुस्तक झटकत बसतो. बायको त्यांना 'तुमची म्हातारी मंडळी' म्हणते.

या मंडळीत माझा खरा जीव एकाच पुस्तकात अडकला होता. स्वातंत्र्याच्या आधीचं, एका विस्मरणात गेलेल्या चित्रकाराचं चरित्र. ते मला वीस-बावीस वर्षांपूर्वी इथल्याच रद्दीवाल्याकडे मिळालं, शाळेच्या जुन्या रजिस्टरांच्या पोत्यात. पहिली आवृत्ती, बांधणी शाबूत. आत आठ रंगीत चित्रं असायला हवीत. सात होती. आठव्याच्या जागी डिंकाची तपकिरी पट्टी, तिच्याखाली जरा उजळ राहिलेला चौकोन आणि छापलेली ओळ, 'वाती वळताना'.

ज्यानं कुणी ते चित्र उचकटून नेलं त्याला मी किती वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील त्याला हिशेब नाही. नागपूरला एकाकडे हेच पुस्तक सापडलं, त्यात पाचच चित्रं. मुंबईच्या एका संग्राहकाकडे पूर्ण प्रत आहे म्हणे, पण तो नुसता फोटोसुद्धा पाठवायला तयार नाही. फोटो दिला की त्याच्या प्रतीची किंमत उतरते. मी त्याला दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा त्यानं उचलला नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पहिल्या पानावर मूळ मालकाचं नाव होतं. टाकानं, निळ्या-काळ्या शाईत, तीन ओळी. संग्राहक अशा नावाला दोष समजतात. मला नवा नवा नाद होता आणि हातात कसब होतं. आमच्या खात्यात ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढायची पद्धत होती, आणि त्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. मी एका रविवारी ब्लेड घेऊन बसलो आणि वरच्या दोन ओळी साफ खरवडल्या. तिसऱ्या ओळीशी कागदाचे तंतू निघायला लागले म्हणून थांबलो. ती ओळ राहिली, 'लांजी', आमच्याच जिल्ह्यातल्या गावाचं नाव. मी ती कितीदा पाहिली असेल, पण पुण्या-मुंबईला फोन करण्याच्या नादात तिचा अर्थ कधी डोक्यात शिरला नाही.

गेल्या उन्हाळ्यात बायकोच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न लांजीला होतं. पाहुण्यांची सोय शेजारपाजारच्या घरांत केली होती. आम्हाला मिळालं ते घर नवं, सिमेंटचं. पुढच्या खोलीत एका बाजूला धानाची पोती, दुसऱ्या बाजूला उन्हातून आत आणून ठेवलेली मोटरसायकल. मी खुर्चीवर बसून पाणी पीत होतो आणि समोरच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो ओळीनं होते. शेवटची फ्रेम फोटोची नव्हती.

उंबऱ्यात बसलेली बाई. डोक्यावर पदर, मान खाली, मांडीवर कापूस, दोन्ही हातांत वळली जाणारी वात. चेहरा अर्धाच दिसतो. कोपऱ्यात चित्रकाराची सही होती आणि ती सही मी झोपेतही ओळखली असती. मी उठलो, कुणी नाही असं बघून फ्रेमवर वीत ठेवली. माप बरोबर होतं.

तेवढ्यात त्या घरातली आजीबाई आत आली. ऐंशीच्या आसपासची, पण ताठ.

"मावशी, हे चित्र कोणाचं आहे?" मी विचारलं.

"माही माय आहे जी ते," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकानं फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसली. "जेवाले चाला, पंगत बसून राह्यली."

पंगतीत मी काय जेवलो मला आठवत नाही. घरी येऊन आधी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, रिकाम्या चौकोनावर फूटपट्टी ठेवली. मग पहिलं पान उघडलं आणि 'लांजी' वाचलं. चित्र दुसऱ्या कुठल्या प्रतीतलं नव्हतं, माझ्याच प्रतीतलं होतं. बावीस वर्षं मी देशभर शोधलं आणि ते एका बसच्या अंतरावर प्लास्टिकचा हार घालून भिंतीवर बसलं होतं. मला इतका संताप आला की बायकोनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

पुढच्याच आठवड्यात मी पुस्तक टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातलं आणि लांजीची बस धरली. रस्ताभर बोलायचं पाठ करत होतो. चित्र मी बालाघाटला नेईन. फोटो स्टुडिओत त्याची रंगीत प्रत काढीन, याच्या दुप्पट मोठी. सोनेरी पट्टीची नवी फ्रेम करून स्वतः आणून देईन. बाईला तिची आई आणखी मोठी आणि स्वच्छ दिसेल, आणि माझं पुस्तक पूर्ण होईल. यात कुणाचं काही जात नाही असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

ती एकटीच घरी होती, बाकीचे शेतावर. तिनं चहा केला. मी माझं भाषण म्हणून दाखवलं.

"मावशी, ती बाई तुमची माय नाही," मी शेवटी म्हणालो, जरा घाईनंच. "या पुस्तकातलं छापलेलं चित्र आहे ते."

"मले माहीत आहे जी," ती म्हणाली. "मी तीन वर्षांची होतो तवा माय गेली. तिचा फोटू कोणं काढलाच नोता. बाबा शाळेत मास्तर होते, त्याहीनं हे कुठून तरी काढून लावलं. म्हणत, चेहरा तिचा नोहे, पण वाती वळाले बसली का अशीच बसे. मले तर तेवढीच माय माहीत आहे."

मग तिनं हात पुढे केला. "पुस्तक दाखवा ना."

तिला मराठी वाचता येत होतं, बापानं घरी शिकवलेलं. तिनं एकेक पान उलटलं, तो रिकामा चौकोन आला, खालची ओळ बोट फिरवून वाचली आणि भिंतीकडे बघून मान हलवली. मग पुन्हा सुरुवातीकडे गेली. पहिलं पान उघडलं आणि थांबली.

"लांजी," ती म्हणाली. "हे बाबाचं अक्षर आहे." ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "नवं घर बांधलं तवा जुने कागद सारे रद्दीत गेले. बाबाच्या हातचं एक अक्षर नाही राह्यलं घरात." आणि मग, "इथं वर खरवडलं काहून जी? कोणं खरवडलं?"

"माझ्याकडे आलं तवाच तसं होतं," मी म्हणालो. किती सहज म्हणालो ते आठवलं की मला आजही माझीच लाज वाटते.

ती पुस्तक घेऊन दाराशी गेली आणि पान उजेडात तिरपं धरलं. मला माहीत होतं आता काय होणार. शाई गेली तरी टाकाची खूण कागदात राहते, हे ड्राफ्ट्समनला कुणी सांगावं लागत नाही. तिनं त्या खुणांवरून बोट फिरवत फिरवत बापाचं पूर्ण नाव वाचलं. मोठ्यानं, शाळेतल्या मुलीनं वाचावं तसं तोडून तोडून. खालची तारीखही अर्धीमुर्धी वाचली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, हे एवढं पान मले द्या."

"पान?" मला खरंच धसका बसला. "पुस्तकाचं पान असं फाडत नसतात, मावशी. सारं पुस्तक वाया जाते. मी त्याची झेरॉक्स आणून देतो, हुबेहूब."

"हौ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग मायचा फोटू कसा काढू म्हणता भितीवरून?"

नक्कल ती नक्कलच, हे आयुष्यभर येईल त्याला बसवून मीच सांगत आलो होतो, आणि एका नकलेचं आमिष घेऊन मीच तिच्या दारात आलो होतो. तिनं पुस्तक मिटून माझ्यापुढे धरलं. दोन्ही हातांनी, प्रसाद देतात तसं. मला इतकी चीड आली, कुणाची ते धड कळेना. तिची, तिच्या बापाची, त्या रद्दीवाल्याची, त्या रविवारच्या ब्लेडची.

"ठेवा तुमच्याचजवळ," मी म्हणालो आणि चपला घातल्या. औदार्य वगैरे काही नव्हतं त्यात, तिथून सुटायचं होतं मला. ती मागून "थांबा जी, थांबा ना" म्हणत होती. मी सरळ बसस्टँडवर आलो.

घरी बायकोनं दार उघडलं. "मिळालं काय चित्र?"

"आहे तिथंच आहे."

तिनं पिशवी घेतली, आत नुसता टॉवेल. "मग पुस्तक?"

"तेही तिथंच आहे."

तिनं जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती.

आता कपाटात त्या पुस्तकाच्या जागी दोन बोटांची फट आहे. शेजारचं पुस्तक तिच्यात कलतं आणि मी ते रोज सरळ करतो. लांजीला मधूनमधून जातो. तिनं पुस्तकाला कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घातलंय आणि ते धानाच्या पोत्यांवरच्या फळीवर, बरोबर चित्राखाली ठेवलंय. पोत्यांमधून कीड वर चढेल असं मी तिला तीनदा सांगून झालं, ती हौ म्हणते आणि तिथंच ठेवते. पहिली आवृत्ती, आठही चित्रं, एकाच खोलीत. मी डांबराच्या गोळ्या नेतो, पानं तपासतो, चहा घेतो.

प्रत्येक वेळी ती पहिलं पान काढते, उजेडात धरते, बापाचं नाव वाचते आणि म्हणते, "कोणा पाप्यानं खरवडलं असंल, भाऊ?"

मी अजून सांगितलेलं नाही.